ब्लॅककरंट नव्हे, फालसा

वसुंधरा दिघे टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्या, पण आवाज ट्रंक कॉलचाच राहिला. इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिरामागच्या गल्लीत त्या भाजीवाल्याशी बोलल्या की आज घरात कोणती भाजी आहे ते सगळ्या गल्लीला कळतं. अशा बाईच्या एका गोष्टीवर मात्र घरात कुणाचाच विश्वास नव्हता. ती गोष्ट म्हणजे फालशाचं आइस्क्रीम.

त्यांचे वडील इंदूरच्याच पोलोग्राउंडला, कारखान्यांच्या भागात फिटर होते. शेजारच्या शेडमध्ये आइस्क्रीमचा छोटा कारखाना होता. उन्हाळ्यात वडील जर्मनच्या डब्यात फालशाचं आइस्क्रीम घेऊन सायकल हाणत घरी यायचे. पोचेपर्यंत अर्धं वितळायचं, ते भावंडं वाटीला तोंड लावून प्यायची. जांभळट रंग, आधी आंबट, मग गोड, आणि मध्येच दाताखाली एखादी बारीक बी. वसुंधराबाईंच्या लग्नाच्या सुमारास ते बंद झालं. फालसे निवडायचे, चोळायचे, गाळायचे, एवढा कुटाणा कोण करणार? पुढे कारखानाच गेला.

यजमान गजाननराव ग्वाल्हेरचे. ते म्हणायचे, "फालशाचं सरबत असतं, वसू. आइस्क्रीम तू स्वप्नात खाल्लंस." मुलगी तन्वीही बाबांच्याच पार्टीत. वसुंधराबाई चिडायच्या आणि निषेध म्हणून कुठेही गेल्या तरी व्हॅनिलाच मागायच्या.

गेल्या वर्षी मे महिन्यात इंदूरजवळच महूला पुतण्याचं, विक्रांतचं लग्न होतं. जेवण झाल्यावर त्या आइस्क्रीमच्या काउंटरवर गेल्या, तर व्हॅनिला संपलेलं. काउंटरवाला बंटी म्हणाला, "काकीजी, ब्लॅककरंट घ्या ना, एक नंबर आहे."

नाक मुरडत त्यांनी कप घेतला. एक चमचा तोंडात गेला आणि वसुंधराबाई जागीच थबकल्या. दुसऱ्या चमच्याला दाताखाली बी आली.

"गजानन!"

उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. बँडवालेसुद्धा वाजवायचे थांबले.

मग त्या बंटीकडे वळल्या. "अरे भिया, हे ब्लॅककरंट नाहीये! खरं बोल!"

बंटी इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "काकीजी, जोरात नका ना बोलू यार. फालसाच आहे. आमच्या खेतात झाडं आहेत, मम्मी बनवते. फालसा म्हटलं की पब्लिक तोंड वाकडं करते. ब्लॅककरंट लिहिलं की लाइन लागते."

"केव्हापासून?"

"बहोत साल झाले. इंदूरला पण जातो ना माल. अन्नपूर्णाच्या डेअरीवर पण."

अन्नपूर्णाची डेअरी! जिथे त्या दर रविवारी व्हॅनिला मागत होत्या! वसुंधराबाईंना असं हसू फुटलं की काउंटरला धरून खाली बसावं लागलं. पैठणीवर जांभळे ठिपके पडले, त्याचंही त्यांना हसूच आलं. गजाननराव घाबरून धावत आले, तर बायकोने काही न सांगता त्यांच्या तोंडात चमचा खुपसला. ते डोळे मिटून चघळत राहिले.

"फालसाच आहे," ते म्हणाले. "हरलो बाबा. बंटी, मला वेगळा कप दे."

वसुंधराबाई थेट काउंटरच्या मागे शिरल्या. "फालसा! या, फालसा!" ट्रंक कॉलचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. मुंडावळ्या सावरत विक्रांत आला, नवरी आली. काठी टेकत वसुंधराबाईंच्या माहेरच्या मनोरमामावशी आल्या, एक चमचा चाखला आणि किंचाळल्याच, "वसू! अगं, पोलोग्राउंडचं!" दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून गरगर फिरू लागल्या. तन्वी व्हिडिओ काढत ओरडत होती, "आई, पडशील!" बंटी चॉकलेटचा डबा उघडून बसला होता, तिकडे कुणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी वसुंधराबाई बंटीच्या आईला, शारदाबाईंना भेटायला त्यांच्या शेतावर गेल्या. "नाव बदला," त्यांनी बजावलं. "पब्लिकचं मी बघते." आणि त्यांनी बघितलंही. डेअरीसमोर उभं राहून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला चमचाभर चाखवायच्या. आठवड्याभरात डेअरीवर 'फालसा' अशी पाटी लागली.

यंदाच्या उन्हाळ्यात दोघं नवराबायको फालसे तोडायलाच महूला गेले. वसुंधराबाई आणि शारदाबाई झाडापाशी गप्पा मारत फळं तोडत होत्या. गजाननराव सावलीत खुर्ची टाकून निवडत होते, म्हणजे निवडण्यापेक्षा खातच जास्त होते. शेवटी शारदाबाईंनी त्यांच्या मांडीवरची टोपली उचलली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जरा चहा घ्या."