कलेक्टरचा लिलाव

आमच्या व्याह्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: ज्यांच्या दावणीला जनावर आहे ती, आणि ज्यांचा जन्म फुकट गेला ती. मी दुसऱ्या प्रकारातला. सोलापुरात जन्मभर एका ऑफिसात खुर्ची झिजवली आणि वळसंगला त्यांच्या घरात मुलगी दिली, एवढंच काय ते माझ्या खात्यावर पुण्य. मुलगी बघायला आले तेव्हा या गृहस्थांनी तिला एकच प्रश्न विचारला, "जनावराला भितीस का गं?" तिनं म्हैस फक्त दुधाच्या पिशवीवर पाहिली होती. "नाही" म्हणाली बेधडक, आणि पत्रिका न बघता लग्न ठरलं.

त्यांच्या गोठ्यात एक खिलार खोंड होता, पांढराशुभ्र, शिंगं अशी की आरशात बघून वळवलीत. त्याचं नाव कलेक्टर. मुलाला कलेक्टर करायचं असं व्याह्यांनी त्याच्या बारशालाच ठरवलं होतं. मुलगा, म्हणजे आमचे जावई, पतसंस्थेत कारकून झाले. ठरवलेलं नाव वाया कशाला घालवा, म्हणून ते खोंडाला मिळालं. त्या घरी फोन लावावा तर मागून ऐकू येई, "कलेक्टरला धुतलं का?" किंवा "आज कलेक्टरनं पेंडीला तोंड लावलं न्हाई, डॉक्टरला बलवा!" एका उन्हाळ्यात मुलीनं घरात कूलर मागितला, तर सासरेबुवा प्रेमानं म्हणाले, "गोठ्यात येऊन बस की बाळ, तितं लावलाय."

गेल्या हिवाळ्यात खिलार पाळणाऱ्यांचा मेळावा सोलापुरात भरवायचं ठरलं आणि यजमानपद ओघानंच व्याह्यांकडे आलं. त्यांनी लगेच क्रांती करायला घेतली. आमच्याकडच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं टॉवेलखाली हात घालतात, बोटं धरून आकडा सांगतात, आणि एकानं दुसऱ्याचा सबंध हात दाबला की सौदा पक्का. मग देव आला तरी तो मोडत नाही. "टावेलाखाली दलाल आपल्याला गुंडाळत्यात," व्याही गरजले, "आता भाव माईकवर! जाहीर लिलाव!" पण बाकीचे पशुपालक कसले वस्ताद. म्हणाले, "तुमचा कलेक्टर लिलावात काढा, मग आमी आमची काढतो." व्याही दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोड सापडली: "किंमत अशी सांगतो की कुनी फिरकनारच न्हाई!"

तालमीसाठी ते आमच्या फ्लॅटवर आले. हातोडा म्हणून आमचा वरवंटा घेतला आणि पहिला लिलाव आमच्याच सोफ्याचा पुकारला. बायकोनं हौसेनं बोली लावली. मग मला उभं केलं. एकही बोली आली नाही. "दात बघितल्याबिगर कोन घेनार," म्हणत त्यांनीच माझी समजूत घातली.

मेळाव्याच्या दिवशी मैदानाच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स: गॉगल लावलेला खोंड आणि खाली 'कलेक्टरसाहेबांचे हार्दिक स्वागत'. खोंडाकडे लक्ष न जाता नुसती अक्षरं वाचून कुठल्याशा गावचे सरपंच इस्त्रीचे कपडे घालून, नारळ आणि निवेदन घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. व्याह्यांनी माईकवर पहिल्या गाईची बोली पुकारली. मांडव चिडीचूप. दुसऱ्यांदा पुकारली. शेवटी टेंभुर्णीचा एकजण उठला, स्टेजवर चढला आणि त्यानं व्याह्यांच्या हातावर अलगद टॉवेल टाकला. "अवो, तोंडानं बोला की!" "चारचौगांत भाव बोलायला लाज वाटती हो." त्याच्यामागे ही रांग लागली! क्रांती पाच मिनिटांत आटोपली. एका हातात माईक, दुसरा टॉवेलखाली, असे व्याही दुपारपर्यंत घामानं निथळत होते. हात अपुरे पडले तेव्हा मलाही एक टॉवेल दिला. माझ्या बोटांना कोणी काय आकडे सांगितले देव जाणे, मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या. पण जनावरं धडाधड विकली गेली आणि मांडवात लग्नघरासारखा गोंधळ माजला.

शेवटी कलेक्टर आला. व्याह्यांची किंमत बोटांना कळली की जो तो हात काढून घेई, आणि व्याह्यांचा चेहरा अधिकच फुले. मग दुधनीचे एक म्हातारे पशुपालक वर आले. त्यांनी दात बघितले नाहीत, खूर बघितले नाहीत, नुसता खोंडाच्या गळ्याखाली हात फिरवला. कलेक्टरनं डोळे मिटून त्यांच्या खांद्यावर मान टाकली. म्हाताऱ्यांनी टॉवेलखाली हात घातला, आकडा सांगितला आणि हळूच म्हणाले, "नम्म मन्याग, आमच्या घरी, असाच एक होता. मेला. अजून रोज त्याची जागा झाडतोय मी." व्याह्यांना गहिवरून आलं, आणि कोणाच्याही दुःखात ते जे करतात तेच त्यांनी केलं: म्हाताऱ्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट दाबला.

"झाला सौदा!" मांडवातून आरोळी उठली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. व्याही पांढरेफटक पडले. म्हाताऱ्यांना उमजलं. ते म्हणाले, "चुकून झालं आसंल तर ऱ्हाऊ द्या की." मीही व्याह्यांची बाही ओढली. व्याही म्हणाले, "न्हाई. हात दाबलाय. सगळ्यांनी बघितलंय."

टेंपोत चढवताना कलेक्टर मुळीच अडला नाही, याचंच त्यांना जास्त लागलं असावं. म्हाताऱ्यांना ते सांगत राहिले, "पानी कोमट लागतंय. रात्री पाठीवरनं हात फिरवल्याबिगर बसत न्हाई. वरडू नगा, मनाला लावून घेतो." म्हातारे दर वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होते. टेंपो अक्कलकोट रस्त्याला लागला. मी व्याह्यांच्या शेजारी उभा होतो. तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पाव्हणं, लेक आमच्या घरी धाडली, त्या दिवशी तुमाला कसं झालतं हो?"

आमच्या सोयरिकीला इतकी वर्षं झाली, त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी वऱ्हाड गेल्यावर रिकाम्या मांडवात खुर्च्या मोजत बसलो होतो, ते त्यांना सांगितलं. मग दोघंही तिथंच, रस्त्याच्या कडेला, उगीच उभे राहिलो.