अण्णांची फाइल सिस्टीम

गेल्या रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, जयनगरमधल्या आमच्या इमारतीच्या सभेने चौथ्या मजल्यावरच्या अण्णांना दोषी ठरवलं. गुन्हा काय, तर वीज गेली आणि टाकीच्या पाण्याची नोंद बुडाली. वीज जाण्याची एवढी तयारी केलेला दुसरा माणूस अख्ख्या बेंगळुरूत सापडणार नाही.

अण्णांचं घराणं इथे इतकं जुनं, की त्यांच्या मराठीला मूळचीच कन्नड फोडणी. घरात पत्त्यांच्या जोडाएवढ्या आकाराचे सात संगणक. एक तुळशीला पाणी घालतो, एक कुकरच्या शिट्ट्या मोजतो. जेवणारे मात्र अण्णा एकटेच. या संगणकांचा सगळा जीव मेमरी कार्डात. त्यावर माहिती कोणत्या पद्धतीने मांडायची, म्हणजे फाइल सिस्टीम कोणती, हे अण्णा जावई पारखावा तसं पारखतात. कार्डावर लिहिणं चालू असताना दिवसातून पन्नासदा प्लग उपटतात. मी एकदा साखर मागायला गेले, तर वायरच हातात दिली. “ओढ गं, स्वल्प जोरात. वीज काय विचारून जाते?”

इमारतीच्या टाकीतल्या पाण्याची नोंद ठेवणाऱ्या संगणकासाठी त्यांनी ईएक्सटी-फोर निवडली. काय बदलणार ते ती आधी टिपून ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी सावरते. पण ते कार्ड सोसायटीच्या सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर उघडेना. मग दर रविवारी नोंद वाचायला सेक्रेटरी वर अण्णांकडे जात. कॉफी, चकली, तासभर व्याख्यान. सेक्रेटरी पुण्याचे, दोन महिन्यांत कंटाळले.

“अण्णा, सरळ फॅट फाइल सिस्टीम करा ना. माझ्याकडे ओपन होईल. दर संडेला वर यायला टाइम नाही हो.”

“वीज गेली की फॅट मान टाकते.”

“काही नाही होत.”

चकलीची बशी पुढे सरकवत अण्णा म्हणाले, “सरी, तसंच करू.”

त्यानंतर वर कोणी गेलं नाही. पुढे वीज गेली, कार्ड बिघडलं, आणि सभेत सेक्रेटरीच म्हणाले, “हा जुगाड काढून टाका.” सगळे हात वर गेले. त्यात माझाही होता. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं.

फॅट सेक्रेटरींनीच करायला लावली होती, हे मला जिन्यात अण्णांकडून कळलं. मी चिडून विचारलं, “मग सभेत बोलला का नाहीत?”

“भांडण जिंकून काय करू? वर माझ्याकडे येणारा तो एकटाच होता.”

शेजाऱ्यांनो, पुढच्या सभेत हात वर करा. अण्णांचा संगणक टाकीवर परत लावा, कार्ड ईएक्सटी-फोरचंच ठेवा, आणि ते वाचून घ्यायला पाळीपाळीने चौथ्या मजल्यावर जा. पहिला रविवार माझा. दुसरा कोणाचा, ते आत्ता सांगा.