शाळेच्या भिंतीवरचं बी

शहाऐंशी साली शिमगा झाल्यावर गुरुजींनी मेंढरं राखणाऱ्या कस्तुराबाईला शाळेत बोलावलं. पोरींना परसबाग करायची होती, अन् वाळूक काकडीचं जुनं बी गावात एकट्या तिच्याकडंच उरलं होतं. बी पावसाळ्यापर्यंत टिकावं म्हणून तिनं पोरींकडून शेणात राख कालवून घेतली, त्यात होत्या तेवढ्या बिया दाबल्या अन् बारा गोवऱ्या शाळेच्या भिंतीला थापल्या. स्वतःसाठी एक तेवढी घरच्या भिंतीला लावली.

मग मेंढरांमागं ती गंगाखेडच्या अंगाला गेली, पण जीव त्या शाळेत अडकलेला. सुट्टीत शाळा ओस. कुणी चुलीत घातल्या तर? "बी हाय का सरपण, कुणाला कळायलंय!" भाकर थापताना ती नवऱ्यावरच खेकसायची.

मृगाच्या तोंडावर, शाळा उघडली त्या दिवशी, ती परतली ती थेट शाळेत. भिंतीवर नुसते गोल डाग! कस्तुराबाई भिंतीच्या बुडाला सांडलेलं बी शोधू लागली.

तेवढ्यात पोरी आल्या. प्रत्येकीच्या हातात एक गोवरी.

"सुट्टीत राखण कोण करणार, मावशी? म्हणून आमी घरी नेल्या," सुगंधा म्हणाली.

पोरींनी गोवऱ्या फोडून परसबागेतल्या आळ्यांत बिया टोचल्या. कस्तुराबाई हलक्या पायानं घरी आली. सुनेनं दिलेला चहा निम्मा पिऊन झाल्यावर तिची नजर भिंतीकडं गेली.

"इथली गोवरी कुठाय गं?"

"चुलीत घातली की, आत्याबाई. तुमच्याच चहाला."

कप तसाच टाकून ती सुगंधाच्या दारात गेली अन् पदर पसरून उभी राहिली.

"माय, सगळंच बी टोचलं का गं? दोन बिया तरी ऱ्हायल्या असतील की?"