साडभाऊंचं खरं बोलणं

आमच्या साडभाऊंनी मला जितकं खरं सांगितलं तितकं आयुष्यात कुणी सांगितलं नसेल, आणि त्यातलं एक अक्षरही मला वेळेवर कळलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आम्ही दोघं बालाघाटला एकाच कचेरीत कारकून, घरं एकाच गल्लीत, आणि दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की त्यांच्या ओसरीवर तीन पत्ती. पैसे लावायला दोघी बहिणींची मनाई, म्हणून आम्ही चिंचोके लावायचो. पण साडभाऊ मूठभर चिंचोके अशा काही ऐटीत पुढे सरकवत, की आपण घरदार लावून बसलोय असं समोरच्याला वाटे.

बाकीचे लोक पानं छातीशी धरतात. हे सांगूनच टाकत, "माह्याजवळ तीन राजे आहेत, बापू. तू पानं टाकून दे." तीन राजे असलेला माणूस असं कशाला सांगेल, म्हणून मी चाल वाढवत जायचो, शेवटी शो मागायचो, आणि चटईवर खरोखरच तीन राजे येऊन पडायचे. पुढच्या डावाला ते तीन राण्या सांगत. मी शहाणा होऊन पानं टाकली, की त्यांच्याकडे दुर्री, पंजी आणि सत्ती निघे. खोटं बोलताना ते उजवा कान खाजवतात, असा शोध मी एका हिवाळ्यात लावला आणि त्या भरवशावर महिनाभर सपाटून हरलो. पुढे अक्काकडून कळलं, त्यांच्या कानाला नायटा झाला होता.

ही खोड पत्त्यांपुरती असती तरी चाललं असतं. कटंगीच्या बाजारात त्यांना वांगी हवी असली की ते आधी भोपळ्याचा भाव करत. गरज ओळखू द्यायची नाही, हा त्यांचा नियम. एकदा कोंबडी घ्यायला गेले आणि विकणाऱ्यावर छाप पडावी म्हणून शेजारच्या बकरीला भाव सांगितला, तोही अगदी अर्धा. बकरीवाला लगेच कबूल झाला. साडभाऊ बकरी घेऊन बसनं परत आले. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "मी चाल केली, त्यानं शो मांगला." मग दोन वर्षं अक्का त्या बकरीचं दूध काढत होती.

मग राज्यांची नवी वाटणी झाली. बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आणि आमच्यासारख्या मराठी कारकुनांनी इथंच राहायचं की तिकडं जायचं ते लिहून द्यावं, असे कागद कचेरीत आले. बायकोचं म्हणणं एवढंच होतं, की अक्का जिथं तिथं आपण. मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "ह्यायच्या मनातलं मले काय मालूम?" म्हणून रविवारी पत्ते पिसता पिसता मी साडभाऊंनाच विचारलं.

"मी नागपूर लिहून देल्लं," ते म्हणाले आणि पानं वाटू लागले.

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कानाला हात नाही, आवाज साधा. त्याच महिन्यात त्यांनी छपराची कवेलू, म्हणजे कौलं, बदलून घेतली होती. जाणारा माणूस छप्पर कशाला शाकारेल? मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की ते कुठंही जात नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या कागदावर मी बालाघाट लिहिलं.

यादी लागली तेव्हा त्यांच्या नावापुढे नागपूर होतं. मी तसाच त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. माझा चेहरा पाहून त्यांना सगळं समजलं असावं.

"तुले खरं सांगितलं होतं ना मी," ते म्हणाले.

"भाऊ, खरं तर तुम्ही दर रविवारीच सांगता."

"मले वाटलं, तू माह्या मागं येशीन. कवेलू तं घरमालकासाठी बदललीत. म्हातारा होता बिचारा."

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं. कागद बदलून मिळावा म्हणून आम्ही दोघंही साहेबांकडे गेलो. साहेबांनी यादी पुढे गेल्याचं सांगितलं. छोट्या लाइनीच्या आगगाडीत त्यांचं सामान चढलं, तरी दोघी बहिणी एकमेकींचा हात सोडत नव्हत्या. खिडकीतून साडभाऊ म्हणाले, "सहा महिन्यांत बदली करून वापस येतो."

त्याला अठराएक वर्षं झाली. दर दिवाळीच्या पत्रात ते अर्ज केल्याचं लिहीत. पत्र वाचून झालं की बायको विचारी, "खरं असन का हो?" आणि मी दर वर्षी वेगळं उत्तर देई.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. पत्र आलंय, की अक्काचं नागपुरात मन लागत नाही, आपल्या गल्लीत दोन खोल्या पाहून ठेव. पत्र मी चार वेळा वाचलं. अक्षर थोडं कापरं झालंय, बाकी काही ओळखू येत नाही. समोरच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. मालकाला मी हो म्हणून आलो.

बायकोनं विचारलं, "अन् नाई आले तं?"

समोरच्या खोल्यांच्या भिंतींना ओल होती, म्हणून मी चुना आणायला निघालो.