पडद्याखालच्या ओळी

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तयार शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलर, बाह्या, काजं बघायची, सुटलेला दोरा कात्रीने उडवायचा आणि शिलाई वाकडी असली तर लाल पट्टी चिकटवून माल परत पाठवायचा, हे तिचं काम. बावीस वर्षं हेच. कुणाची भीडभाड नाही. शिलाईवाल्या बाया तिच्या नावाने बोटं मोडत, पण ही बाई खोटं बोलणार नाही, हेही त्याच सांगत.

तिची नणंद मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. नव्या जीन्स जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांवर वाळूचा फवारा मारतात, त्या खात्यात. पन्नाशी आली तरी तिला बेबीच म्हणत. तोंडाला फडकं बांधून तिने नऊ वर्षं तो फवारा मारला. घरी यायची तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. चष्मेवालीचा नवरा, म्हणजे बेबीचा थोरला भाऊ, वारला होता. बेबीचा नवरा तर कधीचाच तिला टाकून गेला होता. बेबीची एकुलती मुलगी सहा वर्षांपूर्वी आईशी कडाक्याचं भांडून, आपल्या पसंतीच्या माणसाबरोबर दुसऱ्या शहरात राहायला गेली. उरल्या या दोघी, दोन खोल्यांत.

रविवारी दुपारी दोन वाजता टीव्हीवर जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या मालिका लागत. मोठमोठी घरं, घोडागाड्या, पत्रं, आणि प्रेम असून ते बोलून न दाखवणारी माणसं. बोलणं सगळं इंग्रजीत, खाली आपल्या भाषेतल्या ओळी. बेबीला वाचता येत नव्हतं. धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला शाळेतून काढलं होतं. म्हणून चष्मेवाली पडद्याजवळ स्टूल ओढून बसायची आणि ओळी मोठ्याने वाचायची. पुरुषाची ओळ जाड आवाजात, म्हाताऱ्या आत्याची नाकातून. बेबी हसून लोळायची.

कारखान्यातल्या बाया दोघी, त्यामुळे अर्धा जीव कपड्यांतच. ही झालर हाताने घातलेली, ती बाही दंडात दाटलेली.

"या बायांना कामं काय असतात गं?" चष्मेवाली एकदा म्हणाली. "पत्र लिहायचं आणि खिडकीत बसायचं."

"तेच तर बघायला बसलेय मी," बेबी म्हणाली.

ओळी भरभर जायच्या. एखादी निसटली की चष्मेवाली मनाने भर घालायची. बेबीला ते कळायचं नाही, कथेचंही काही बिघडायचं नाही.

मग बेबीला खोकला लागला. औषधं झाली, छातीचे फोटो काढले, आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चष्मेवालीला एकटीला आत बोलावलं. वाळूची धूळ फुप्फुसात जाऊन बसली आहे, ती आता निघायची नाही, फुप्फुसं घट्ट होत जाणार, असं त्यांनी सांगितलं. वर्ष निघालं तर पुष्कळ. चष्मेवाली तपासणीचा कागद घेऊन बाहेर आली. बाकावर बसलेल्या बेबीने हात पुढे केला नाही, कागदाकडे नुसती हनुवटी उडवली. "काय लिहिलंय?"

चष्मेवालीने कागद उघडला आणि वाचला. छातीला सूज आहे. औषध चालू ठेवायचं. धुळीपासून लांब राहायचं. सावकाश उतार पडेल. ओळीवरून बोट फिरवत, न अडखळता वाचलं. आपल्याला हे इतकं सहज जमलं, याचीच तिला घरी आल्यावर भीती वाटली.

बेबीने काम सोडलं. रविवार चालूच राहिले. पण आता चष्मेवालीच्या तोंडून वाईट ओळ निघेनाशी झाली. पडद्यावर कुणी दगावलं की तिच्या वाचनात ते गावाला जायचं, कुणी धुत्कारलं की ते थट्टा करायचं.

असे आठ महिने गेले. त्या रविवारी मालिकेतल्या धर्मगुरूच्या मुलीला पत्र आलं. ज्याची ती वाट बघत होती, त्या जहाजावरच्या माणसाने दुसरीशी लग्न ठरवल्याचं कळवलं होतं. चष्मेवालीने वाचलं, "मी वसंतात परत येतो आहे, तोवर माझी वाट बघ."

पडद्यावरची मुलगी पत्र धरून उभी होती. बेबी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"वहिनी, तू खोटं वाचलंस," ती म्हणाली. "येतो म्हटल्यावर बाईचं तोंड असं होत नाही."

चष्मेवालीने सारवासारव केली. घाईत चूक झाली म्हणाली. बेबीने ते ऐकलंच नाही. दम गोळा करून ती म्हणाली, "दवाखान्यातला तो कागद आण."

चष्मेवालीने कपाटातून कागद काढला. या वेळी तिने आहे तसा वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत.

"वर तारीख काय आहे?"

तिने तारीख वाचली. बेबीने बोटांवर महिने मोजले.

"तेव्हा मी जिना चढत होते," ती म्हणाली. "गाडीत बसून पोरीकडे जाऊन आले असते. भांडले असते, नाहीतर पाया पडले असते तिच्या. वाईट असलं तरी ते माझं होतं, वहिनी."

नंतर आठवडाभर दोघींत कामापुरतं बोलणं. मुलीचा जुना नंबर बंद होता. चष्मेवालीने कारखान्यात मुलीच्या जुन्या मैत्रिणी हुडकल्या, एकीकडून दुसरीकडे करत पंधरा दिवसांनी नंबर मिळवला. आई आजारी आहे, असं मोघम न सांगता तिने आजाराचं नाव सांगितलं आणि लवकर ये म्हणाली. मुलगी बघते, एवढंच म्हणाली.

तोवर बेबीला बसवेनासं झालं होतं. उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडलं तरच श्वास लागायचा नाही. टीव्ही पाठीमागे. तरी रविवारी तिने लावायला सांगितला. चष्मेवालीने वाचायला घेतलं, एकेक शब्द तोलून. दर दोन ओळींनी बेबी विचारायची, "नक्की असंच?" आणि नक्की म्हटलं तरी पुन्हा विचारायची.

शेवटच्या भागात तो जहाजावरचा माणूस खरोखरच परत आला. ठरलेलं लग्न मोडलं होतं. चिखलातून चालत तो धर्मगुरूच्या दारात आला आणि मुलीची माफी मागू लागला.  चष्मेवाली वाचू लागली, "इतकी वर्षं मी एक दिवसही तुला विसरलो नाही..."

"पुरे कर, वहिनी," बेबी भिंतीकडे बघतच म्हणाली. "आता कशाला?"

"अगं, खरंच लिहिलंय."

बेबीने मान वळवली नाही. चष्मेवालीने टीव्ही बंद केला. खरं आहे हे पटवायला तिच्याजवळ काही नव्हतं.

मुलगी आली तेव्हा बेबी दवाखान्यात, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा लावून. मुलीबरोबर चार वर्षांची नात होती, बेबीने कधी न पाहिलेली. बेबीने दोघींना बघितलं, ओळखलं. बोलायला गेली तर नुसती धाप. मुलीने दोन दिवस उशाशी बसून काढले, तिचा हात हातात धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी बेबी गेली.

निघायच्या दिवशी मुलीने पिशवी भरता भरता विचारलं, "मामी, आई माझ्याबद्दल काय म्हणायची?"

गोड काही सांगायचं तर सोपं होतं. विचारणारीही तीच आशा धरून होती. चष्मेवालीने सांगितलं, की सहा वर्षं ती तुझं नाव काढू द्यायची नाही, मेली असं समजते म्हणायची. आणि कागद वाचला त्या दिवशी म्हणाली, की पाया पडले असते. तो कागद आठ महिने आपणच लपवला, हेही सांगितलं.

 मुलीने खाली बसून पोरीला बूट घातले, पट्टे आवळले, आणि निरोप न घेता जिना उतरून गेली. चष्मेवाली तिला थांबवायला उठली नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली.