सिस्टरांना न दिलेलं घर

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की बैठकीत टेकायच्या आधी मागे जाऊन मोरी बघून यायच्या. घरची बाई "अहो, बसा तरी" म्हणेपर्यंत त्या पाण्याच्या पिंपापाशी पोचलेल्या असत. पिंपावर झाकण आहे का, पाणी काढायला ओगराळं आहे की सगळे हातच बुडवतात, मोरीचं पाणी बाहेर कुठे जातं, हे सगळं बघून झालं की मग खुर्चीत बसत आणि म्हणत, "हं, आता सांगा. कसं काय?" पुष्कळ बायकांना याचा राग येई. काहीजणी सिस्टर येणार म्हटलं की सकाळीच मोरी घासून ठेवत. सिस्टरांना ते लगेच कळे. "आज माझ्यासाठी घासली, उद्या कोणासाठी घासणार?" असं त्या हसत हसत विचारत आणि त्या बाईचा चेहरा उतरे.

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या या बाईंना आमच्या भागात सगळे सिस्टरच म्हणत. गोदाकाठच्या एका खेड्यातून शिकून वर आलेल्या. लग्न केलं नव्हतं. दवाखान्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये म्हाताऱ्या आईबरोबर राहत. संध्याकाळी कुणाला इंजेक्शन हवं असेल तर चालत येत. आल्यावर कोपरापर्यंत हात धुवत आणि पुढे केलेला टॉवेल न घेता हात तसेच हवेत धरून उभ्या राहत. "टॉवेल तुमचा, हात माझे. त्यांची ओळख कशाला करून द्यायची?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या वडिलांना सलग तीन आठवडे त्या इंजेक्शन द्यायला आल्या होत्या, तेव्हापासून मी त्यांचा "भाऊसाहेब" झालो.

हे लिहायचं कारण असं, की गेल्या महिन्यात एका लग्नात आमच्या जुन्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सिस्टरांची गोष्ट चारचौघांत सांगितली. सिस्टरांनी आमच्या इथे घर घ्यायचं ठरवलं, इसार दिला, आणि काविळीची साथ आल्याबरोबर घाबरून माघार घेतली. दवाखान्यातली बाई, आणि काविळीला घाबरली. सगळे हसले. ही गोष्ट तिथे चाळीस वर्षं अशीच सांगितली जाते. ती खोटी आहे. ती मी रचलेली आहे, आणि घरही माझंच होतं.

१९८० नंतरची ती दोन-तीन वर्षं. गंगापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला, द्राक्षांच्या मळ्यांना लागून आमची बारा घरांची सोसायटी होती. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. जळगावला बदली झाली आणि घर विकायचं ठरलं. सिस्टरांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. निवृत्ती झाली की क्वार्टर सोडायची, आणि आईला घेऊन भाड्याच्या खोल्या शोधत फिरायचं त्यांच्या मनात नव्हतं. भाड्याची खोली मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारतात आणि मग खोली कालच दिली म्हणतात, हे त्यांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं. त्या बौद्ध होत्या. "म्हणून विकतच घ्यायचं," त्या म्हणाल्या. "मालकीणबाईंना कोण आडनाव विचारणार?"

घर बघायला त्या आईला रिक्षातून घेऊन आल्या. आई मागच्या अंगणात गेली, चप्पल काढून मातीत उभी राहिली आणि मला म्हणाली, "हितं कोथमीर लावता यील का रं बाबा?" मी हो म्हटलं. सिस्टर अर्थातच मोरीकडे गेल्या. नळाचं पाणी नुकतंच आलं होतं. त्यांनी पहिल्या धारेचं पाणी काचेच्या पेल्यात धरलं, उजेडात बघितलं, वास घेतला. मग मला विचारलं, की नळ कुठून येतो. मी बाहेर नेऊन दाखवलं. त्यांनी मला गटाराच्या चेंबरवरची फरशी उचलायला लावली, पदर खोचला आणि उकिडव्या बसून आत डोकावल्या. सोसायटी बांधताना खणायचं काम वाचवण्यासाठी ठेकेदाराने पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि गटार एकाच चरातून नेले होते. पाइपचा सांधा चेंबरच्या आत होता. त्यावर गंज चढला होता.

"भाऊसाहेब," त्या उठत म्हणाल्या, "तुमचं पाणी गटारात अंघोळ करून स्वयंपाकघरात येतं."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. पाणी दिवसातून दोन तास येतं, उरलेले बावीस तास पाइप रिकामा असतो, आणि रिकामा पाइप शेजारचं ओढून घेतो, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. मग विचारलं, "वहिनींना कितवा महिना?" मी सहावा म्हणालो. "उद्याच माहेरी पाठवा. दवाखान्यात काविळीचे पेशंट यायला लागलेत. पोटुशा बाईला ही कावीळ झाली तर आमच्या हातात काही राहत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी बायकोला सायखेड्याला सोडून आलो. ही तारीख मला बरोबर लक्षात आहे, कारण पुढचं सगळं याच्या नंतर घडलं.

एखाद्या गिऱ्हाइकाने असा दोष सापडल्यावर भाव पाडला असता, नाहीतर पाठ फिरवली असती. सिस्टर म्हणाल्या, पाइप बदलता येतो, पूर्वेचं ऊन बदलता येत नाही. त्यांनी इसार दिला. मी पावती लिहून दिली. खरेदीखतासाठी सोसायटीचा ना हरकत दाखला लागणार होता, तो मी पंधरा दिवसांत आणतो म्हणालो.

त्या पंधरा दिवसांत साथ आमच्या गल्लीत आली. आधी कोपऱ्यावरच्या घरात दोन मुलं पिवळी झाली, मग समोरचे आजोबा. सिस्टर ड्युटी संपवून दुपारच्या उन्हात आल्या आणि बाराही घरांची दारं वाजवली. पाणी वीस मिनिटं खळखळ उकळा, पाइप चेंबरमधून गेलाय, तो बदलून घ्या, सात नंबरच्या सुनेला आठवा आहे, तिला जपा. बायकांनी ऐकलं. संध्याकाळी पुरुष घरी आले आणि त्यांनीही ऐकलं, पण त्यांना वेगळंच ऐकू आलं. दोन घरं विक्रीला होती. एकाच्या कर्जाचं काम चाललं होतं. सोसायटीचं पाणी खराब आहे असं बाहेर कळलं तर इथे कोण येणार? शिवाय पाइप टाकणारा ठेकेदार चेअरमनचा सख्खा साडू होता.

चेअरमनच्या हॉलमध्ये बैठक झाली. मला आजही त्या बैठकीची चीड येते, आणि त्या चिडीत मीही खुर्ची अडवून बसलेला आहे. चेअरमन म्हणाले, "बाई हुशार आहे. अफवा उठवायची, भाव पाडायचा आणि घर घ्यायचं." मी सांगायला हवं होतं की भाव आधीच ठरलाय, त्यांनी एक पैसा कमी केलेला नाही. मी चहा पीत राहिलो. मग कोणीतरी म्हणालं, आपलं तसं काही नाही हो, पण रोज त्या पेशंटांत वावरणारी बाई, साथीचे दिवस, लहान मुलं आहेत. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी जात काढली नाही. काढायची गरजच पडली नाही. एरवी त्यांना नाही म्हणायला दहा सबबी शोधाव्या लागल्या असत्या. साथीने एकच सभ्य सबब आणून हातात दिली, आणि ती बोलताना सगळे किती काळजीवाहू दिसत होते.

ठरलं ते असं. नोटीस लावायची की सोसायटीचं पाणी शुद्ध आहे, उकळण्याची गरज नाही, अफवांवर विश्वास ठेवू नये. आणि ना हरकत दाखला साथ संपेपर्यंत स्थगित. माझं अक्षर चांगलं म्हणून नोटीस मला लिहायला सांगितली. मी लिहिली. बारा घरांच्या सह्या झाल्या. पहिली सही माझी, कारण पाणी माझ्या घरापासून सुरू होत होतं आणि माझी सही असली की बाकीच्यांना धीर येईल, असं चेअरमन म्हणाले. त्या वेळी माझी बायको सायखेड्याला विहिरीचं पाणी उकळून पीत होती.

बैठक संपल्यावर चेअरमननी मला दारात थांबवून सांगितलं की सिन्नरकडचा एक ओळखीचा माणूस आहे, महिन्या-दीड महिन्यात खरेदी करेल, त्याच्या दाखल्याला अडचण येणार नाही. मला जळगावला हजर व्हायचं होतं. मी इसाराचे पैसे पाकिटात घातले आणि क्वार्टरवर गेलो.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली दोन पत्र्याच्या पेट्या भरून तयार ठेवल्या होत्या. आईने मला बघून विचारलं, "कवा जायाचं?" सिस्टरांनी पाकीट बघितलं आणि आईला आत चहा टाकायला सांगितलं. मी सोसायटीचं, साथीचं, बदलीचं काय काय बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वहिनी कुठे आहेत?"

"सायखेड्याला."

"बरं झालं. म्हणजे तुम्हाला माहीत आहे पाणी कसं आहे ते."

मी पाकीट पत्र्याच्या पेटीवर ठेवलं.

"नोटीस मी वाचलीय. अक्षर ओळखलं. घराचं आपण बाजूला ठेवू, साहेब. ती नोटीस तेवढी आज काढा. सात नंबरची मुलगी ती वाचून पाणी उकळायचं बंद करेल. रॉकेल रेशनवर मिळतं, कुणालाही वाचवायलाच हवं असतं."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा साहेब म्हटलं. मी नोटीस काढतो म्हणालो. घरी जाताना नोटीस लावलेल्या फळ्यासमोर थांबलोही. पण चेअरमन व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते, त्यांनी हात केला, मीही हात केला आणि पुढे गेलो. बैठकीतल्या लोकांना मी सांगितलं की बाईच मागे सरल्या, साथीला घाबरल्या. असं सांगणं सगळ्यांनाच बरं वाटलं.

सात नंबरची सून तीन आठवड्यांनी आजारी पडली. पोटातलं मूल आधी गेलं आणि दोन दिवसांनी ती. बावीस-तेवीस वर्षांची होती. त्या वॉर्डात सिस्टरांची ड्युटी होती. तिच्या नवऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की तिने बाहेर कुठेतरी उसाचा रस प्यायला असावा. आम्ही सगळे त्याच्या घरी भेटायला गेलो होतो. चेअरमननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या पंधरवड्यात पाइप गुपचूप बदलला, नोटीस गुपचूप काढली, आणि सिन्नरकडच्या माणसाला घर दाखवताना मीच अभिमानाने म्हणालो की नळाची लाइन अगदी नवीन आहे.

जळगावहून धुळे, धुळ्याहून नगर, असं करत सात वर्षांनी मी परत नाशिकला आलो. सिस्टर देवळाली कॅम्पला, बाजाराच्या मागे, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात असं कळलं. एका रविवारी गेलो. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ होती. आई त्या खोल्यांत आल्यावर दुसऱ्या वर्षी गेली, असं त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. आत या म्हणाल्या नाहीत. लोकांच्या घरात थेट मोरीपर्यंत जाणाऱ्या बाईने मला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं, आणि ते बरोबरच होतं.

मी पाठ करून आलो होतो तसं बोललो. माझी चूक झाली, मला तुमची माफी मागायची आहे, वगैरे. मध्येच त्यांनी हात वर केला.

"हे मला कशाला सांगता? मला माहीतच आहे सगळं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. सात नंबरला जा. तो मुलगा अजून तिथेच राहतो. त्याला सांगा की ती रसाने गेली नाही."

मी जातो म्हणालो.

"नोटीस काढतो असंही म्हणाला होतात," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

मी गेलो नाही. त्याने दुसरं लग्न केलं, जुनं कशाला उकरायचं, असं स्वतःला सांगत राहिलो. सिस्टर त्या भाड्याच्या खोलीतच वारल्या, हे मला वर्षभराने कळलं. त्या लग्नात ज्याने सिस्टरांची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं, तो सात नंबरचाच होता. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "काय, खरं की नाही?" आणि मी तिथेही हसलो.

हे त्याच्या घरी आधी पोचवून मग छापायला देतो आहे. सिस्टर घाबरल्या नव्हत्या. पाणी खराब होतं, ते मला माहीत होतं, आणि पहिली सही माझी होती.