शिक्क्याखालचा गाल

आमच्या दोघांची नजर बाद झालेली आहे, असं माझी बायको म्हणते. लग्नाला गेलो की लोक नवरदेव बघतात, आम्ही त्याच्या गाडीचं बॉनेट बघतो. चाकणच्या एका कंपनीत मी आणि भीमराज एकोणीस वर्षं रंगकामानंतरच्या तपासणीला उभे आहोत. ट्यूबलाइटच्या झगझगाटात गाडीचा दरवाजा समोर येतो. रंग ओघळलाय का, धूळ बसलीय का, आणि मुख्य म्हणजे पिनहोल, टाचणीच्या टोकाएवढं भोक, राहिलंय का, ते आम्ही बघायचं आणि मार्करनं गोल करायचा. भीमराजच्या नजरेतून पिनहोल सुटत नाही. माझ्याही सुटत नाही, पण ते दुसरं कोणी सांगत नाही म्हणून मलाच सांगावं लागतं.

हा भीमराज अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायला शिकायला लागला, तो आईसाठी. त्याचे वडील लक्ष्मणराव पिंपरीत एका कारखान्यात होते. भीमराज दीड वर्षाचा असताना ते तापाचं निमित्त होऊन गेले. मागे एकच फोटो राहिला, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, टपाल तिकिटाएवढा आणि मळलेला. त्यावर कोणा कारकुनानं जांभळा शिक्का असा हाणला होता की डावा गाल आणि अर्धं तोंड शाईखाली गेलं होतं. आई गिरजाबाई आता सत्तरीच्या पुढे. एक डोळा काचबिंदूनं गेला आणि दुसऱ्याचा डॉक्टर भरवसा देईनात. तपासून घरी आल्यावर ती लेकाला एवढंच म्हणाली, "दिसतंय तवर त्यांचं तोंड एकदा धड दाव."

फोटोवाल्याकडे देऊन टाक, असं मी त्याला सांगितलं होतं. दोघांकडे देऊन झालं होतं. एकानं वडिलांना कोट घालून दिला, दुसऱ्यानं गाल असा रंगवला की ते कुठल्याशा मालिकेतले सासरे दिसायला लागले. आई दोन्ही वेळा नुसती हसली. मग भीमराजनं संत तुकाराम नगरमधल्या हर्षालीच्या क्लासला नाव घातलं. हर्षाली चोवीस वर्षांची, विद्यार्थी तिच्याहून लहान, आणि त्यांच्यात कंपनीचा निळा शर्ट घातलेला हा बाप्या.

पहिली शिफ्ट सुटली की गडी घरी न जाता थेट क्लासला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीत माझं डोकं खायचा. "भावा, एक बटण आहे, केलेलं सगळं मागं घेता येतं! आपल्याकडं एक ओरखडा काढायचा तर किती घासावं लागतं? इथं घासायचं कामच नाही." आठवड्याभरात त्यानं देहूरोडच्या विहाराच्या फोटोतून विजेच्या तारा काढल्या आणि तो फोटो आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर टाकला. तारा खरंच गेल्या होत्या. फक्त शेजारच्या झाडाला एकच फांदी तीनदा फुटली होती. मी ती दाखवली, तर त्याला राग येण्याऐवजी आनंदच झाला, आता फांदी दुरुस्त करायला मिळणार म्हणून.

वडिलांच्या फोटोला हात लावायची त्याला तिसऱ्याच दिवशी घाई झाली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. हर्षालीनं दोन महिने थांबवलं. मग एका शनिवारी तिनं ओळखपत्र स्कॅन केलं, तेव्हा मीही तिथे होतो. खरं सांगायचं तर मलाही नाद लागला होता, फक्त मी तो कबूल करत नव्हतो.

"काका, शिक्का पुसायचा नाही," ती म्हणाली. "पुसला तर खालचा गाल पण जाईल. हे बघा." कुठल्याही रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात, आणि ते एकेकटे बघता येतात. तिनं नुसता निळा थर ठेवला. जांभळी शाई त्यात फिकी पडली, आणि शाईखालून एक गाल वर आला. ओठाचा कोपरा आला. वडील किंचित हसत होते. शेहेचाळीस वर्षं ते त्या शिक्क्याखाली हसत होते आणि कोणाला माहीत नव्हतं. भीमराज खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

निळ्या थरात शाई फिकी पडते, पण कागदाचा मळ मात्र गडद होतो. सगळ्या चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके. हर्षाली म्हणाली, आता एकेक डाग बघून काढा, आणि ती दुसऱ्या मुलांकडे गेली. इथे आम्ही दोघं सुटलो. आमच्या हातात साक्षात पिनहोल आले होते. "हा बघ एक." "नाकाशेजारी अजून दोन." "हनुवटीवर राहिला, राव!" तो माउस चालवत होता, मी बोट दाखवत होतो, आणि कोणाला जास्त दिसतात याची चढाओढ. दीड तासात चेहरा शोरूममधल्या दरवाज्यासारखा लख्ख केला. इतकं चोख काम आम्ही कंपनीतही केलं नसेल. लगेच मोठी प्रिंट काढली आणि त्याच्या घरी गेलो.

गिरजाबाईंनी प्रिंट खिडकीपाशी नेली, चांगल्या डोळ्याजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. आम्ही शाबासकीच्या वाटेकडे डोळे लावून उभे.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "कोन हाय ह्यो?"

भीमराजचं तोंड एवढंसं झालं. "आये, आण्णा आहेत."

"न्हाई. त्यांला देवी आल्या व्हत्या लहानपनी. सगळ्या तोंडावर वण व्हते."

आम्ही पिनहोल म्हणून जे काढले, ते देवीचे वण होते. दोघा तज्ज्ञांनी मिळून होत्याचं नव्हतं केलं होतं. भीमराज आईला म्हणाला, "मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलं न्हाईस. मला वाटलं, ठावं आसंल." मग त्या जराशा हसल्या. "मला बगायला आले तवा त्यांचं तोंड बगून मी आत जाऊन रडले व्हते. असला नवरा नगं म्हनले. आन मंग बग, वरसभरात मला गुळगुळीत तोंडाची मानसंच आवडंनात."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही त्यांना रिक्षात घालून क्लासमध्ये आणलं. मूळ स्कॅन हर्षालीनं जपून ठेवला होता. तिनं आम्हा दोघांना ऐकवलं ते ऐकवलंच: डाग आणि माणूस यातला फरक विचारल्याशिवाय कळत नाही. तिनं निळा थर पुन्हा उघडला, चेहरा अख्खा पडदाभर केला आणि गिरजाबाईंना पडद्यासमोर बसवलं.

मग जी तपासणी झाली, तशी आमच्या लायनीवर कधी झाली नाही. भीमराज बाण एका ठिपक्यावर नेई आणि आई निकाल देई. "ह्यो त्यांचा. ऱ्हाऊं दे." "ह्यो मळ." "ह्यो बी मळ." "हां, ह्ये तिगं लायनीत, ह्ये त्यांचंच." एका जागी त्या अडल्या. डोळे मिटले, हात पुढे करून भीमराजच्या गालावर बोटं फिरवली, आणि मग त्याच्या कानाखाली एक जागा दाबून म्हणाल्या, "हितं. हितं एक मोठा व्हता." भीमराजनं बाण कानाखाली नेला. वण होता. मळ समजून आम्ही आदल्या दिवशी तोच सगळ्यात आधी काढला होता. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मी हर्षालीच्या टेबलावर थाप मारली आणि तिचं बोलणं खाल्लं.

तासाभरात मळ गेला आणि माणूस राहिला. अख्ख्या पडद्यावर लक्ष्मणराव, पंचविशीतले, तोंडभर वण, ओठाच्या कोपऱ्यात हसू. गिरजाबाई इतका वेळ फटाफट निकाल देत होत्या, त्या सावरून बसल्या. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"पोरी, बारीक कर गं त्यांला," त्या हर्षालीला म्हणाल्या. "पोरांम्होरं इतक्या जवळ येत न्हाईत ते."

हर्षालीनं माउसला हात घातला.

"राहू दे की थोडा वेळ, आये," भीमराज म्हणाला. "मी कुठं त्यांना जवळून बघितलंय."

गिरजाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि मग आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली.